चौथी ओळ
लाल रंग मारलेली बोरिंग दिसली की मला आठवीतला मराठीचा एक तास आठवतो. आमच्या गावच्या बोरिंगलाही तसाच रंग मारला होता, म्हणजे हे पाणी पिऊ नका. पण तोवर तेच पिऊन आम्हा साऱ्या पोरींचे दात तपकिरी झाले होते आणि हसताना हात आपोआप तोंडावर जायचा. त्या दुपारी कपाशीच्या वावरावरचं ऊन खिडकीतून बाकांवर आलं होतं आणि बाई हसण्यावरची एक कविता शिकवत होत्या. प्रत्येक कडव्यात चार ओळी, शेवटच्यात मात्र तीनच. “काऊन? चौथी कुठी गेली?” बाईंनी विचारलं. मी हाताआडूनच बोलले, “बाई, कवितेनं तोंडावर हात धरला असन.” सारा वर्ग हसला, तोही तळव्यांच्या मागं. बाई शेजारच्याच गावच्या. शिकवतानाही पदराचं टोक सदा ओठांशी असायचं. ते त्यांनी हळूच सोडलं, आमच्याकडे पाहिलं आणि मोकळ्या हसल्या. त्यांचेही दात आमच्यासारखेच होते. “हे घ्या चौथी ओळ,” त्या म्हणाल्या. परवा माझ्या लग्नात फोटोवाला सारखा सांगत होता, “ताई, ओठ मिटून हसा.” मी त्याला चारही ओळी दाखवल्या.