रांगकाकू आणि सोनेरी पट्टा

आमच्या थीम पार्कमध्ये बोटीच्या आकाराचं एक रेस्टॉरंट आहे. खिडक्या गोल, वेटरांच्या डोक्यावर खलाशांच्या टोप्या, आणि स्वयंपाकघरात उकाडा असा की आपण खरंच इंजिनापाशी उभे आहोत असं वाटावं. मी तिथे अकरा वर्षं सूप ढवळलं. ताटं बाहेर द्यायच्या माझ्या खिडकीतून थेट दरवाजा दिसायचा आणि दरवाजात बसलेल्या रांगकाकू दिसायच्या.

काकूंचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, बाकी कुठे कुणी घेत नसे. त्या उंच स्टुलावर बसायच्या, पुढ्यात जाडजूड वही, कानाला पेन्सिल. आलेल्या माणसाला विचारायच्या, "किती जण?" आणि नंबर द्यायच्या. टेबल मोकळं झालं की पुढचा नंबर पुकारायच्या. आवाज असा खणखणीत की पाळण्यात उंच गेलेली माणसंसुद्धा खाली वाकून बघायची. बावीस वर्षं हे एकच काम त्यांनी केलं आणि त्यात एकदाही कुणाला मधे घुसू दिलं नाही.

नोकरीपुरतंच नव्हतं हे. काकूंना एकदा सणसणून ताप आला. दवाखान्यातला कंपाउंडर ओळखीचा, म्हणाला, "काकू, चला आत, पुढे सोडतो." काकू म्हणाल्या, "माझा नंबर एकोणीस आहे. अकरावा आत गेलाय. मला मोजता येतं." एकोणिसावा नंबर येईपर्यंत ताप उतरला होता. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, तर म्हणाल्या, "आता काही नाही, पण नंबर वाया कशाला घालवायचा!"

घरीही तेच. सकाळी संडास-न्हाणीघराच्या दारावर कागद लावलेला, त्यावर वेळा. काका, म्हणजे त्यांचा नवरा, घड्याळं दुरुस्त करायचे. ते आम्हाला सांगायचे, "माझी वेळ सहा पंचवीसची. सहा चोवीसला पोटात कळ आली तरी मी कागदाकडे बघतो आणि धीर धरतो."

एका उन्हाळ्यात त्यांची थोरली नणंद कुटुंबकबिला घेऊन पार्क बघायला आली. सात माणसं, साधी तिकिटं, आणि मनात पक्कं की भावजय दारातच बसलेली आहे, म्हणजे जेवणाची चिंता नाही. नणंद तोऱ्यात पुढे आली. काकू उठल्या, नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि वहीत लिहिलं : त्रेचाळीस.

"त्रेचाळीस म्हणजे?" नणंदेने विचारलं.

"म्हणजे तुमच्या आधी बेचाळीस नंबर आहेत, वन्सं."

"अगं पण मी तुझी नणंद आहे!"

"हो ना. म्हणून तर उठून नमस्कार केला."

वन्सं वर्षभर बोलल्या नाहीत. काका म्हणाले, "बहीण माझी आहे, पण शांतता वाईट नव्हती."

हे असं सुरळीत चाललेलं असताना एका सकाळी मॅनेजर साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. साहेब वयाने काकूंच्या मुलाएवढे. माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्या ऑफिसातून फोन आला की त्याचा चेहरा इस्त्री केल्यासारखा व्हायचा. त्यांच्या हातात सोनेरी रंगाचे प्लास्टिकचे पट्टे होते, मनगटावर बांधायचे. जो दुपटीने महाग तिकीट घेईल त्याला हा पट्टा. पट्टेवाल्यांनी महिनाभर आधी घरबसल्या टेबल राखून ठेवायचं, आणि दिलेल्या वेळेला थेट आत यायचं.

काकूंनी हात वर केला. "आणि रांगेतले?"

"त्यांना उरलेली टेबलं."

"साहेब, एकूण टेबलं तीस. पट्टेवाल्यांना किती?"

साहेबांनी कागद चाळला. "अठ्ठावीस."

"म्हणजे रांगेला दोन. त्यातलं एक खांबाआडचं, ज्यावर एसीचं पाणी ठिबकतं."

"काकू, जास्त पैसे देणाऱ्याला काहीतरी जास्त द्यायला नको का? गाडीत नाही का, पहिल्या वर्गाचं तिकीट महाग असतं?"

"असतं ना. पण त्याला मऊ गादी मिळते. दुसऱ्या वर्गातल्या माणसाला उठवून त्याची जागा नाही देत."

साहेबांचा चेहरा इस्त्री झाला. विषय संपला.

महिन्याभराने पट्टे सुरू झाले, त्या पहिल्या दिवशी जे झालं ते मी खिडकीतून डोळ्यांनी पाहिलं. बाहेर उन्हात दीडशे माणसं उभी. आत अठ्ठावीस टेबलांवर पांढरे रुमाल, चकचकीत काटे-चमचे, आणि माणूस एकही नाही. झालं होतं असं की पार्कात रेस्टॉरंटं चार, आणि महिनाभर आधी कुणाला माहीत असतं की त्या दिवशी काय खावंसं वाटेल? म्हणून पट्टेवाल्या लोकांनी चारही ठिकाणी टेबलं राखून ठेवली होती. माझं सूप मोठ्या पातेल्यात गार होत होतं आणि काचेला नाक लावून एक छोटी मुलगी रिकाम्या खुर्च्या मोजत होती.

संध्याकाळी काकू घरी पोचल्या तोच वन्संचा फोन. बातमी त्यांना कशी कळली देव जाणे. "ऐकलं मी. आता अनोळखी माणसं थेट आत जातात म्हणे. म्हणजे तुझ्या नियमाला फक्त नणंदच चालत नव्हती!"

हे मात्र काकूंना लागलं. काका सांगत होते, त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि सकाळी सहा पंचवीसला न्हाणीघर काकांचं असताना स्वतः आत जाऊन बसल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांकडून नियमांचा छापील कागद मागून घेतला. पाच पानं होती. कुणी वाचली नव्हती; साहेबांनीही नाही. काकूंनी चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत, दोन दिवस वाचली. चौथ्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत, त्यांना हवं ते सापडलं : राखीव टेबल दिलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटंच राखून ठेवलं जाईल.

तिसऱ्या दिवशी त्या काकांच्या दुकानातलं एक गजराचं घड्याळ घेऊन आल्या. एकच्या टेबलांना सव्वाला गजर. घड्याळ असं कर्कश्श वाजलं की एका वेटरच्या हातातलं ताट पडलं. काकूंनी वही उघडली आणि हाक दिली, "नंबर एक! नंबर दोन! नंबर तीन!" सात टेबलं दोन मिनिटांत भरली. मी आनंदाने सूप वाढायला घेतलं.

एक वाजून सतरा मिनिटांनी एक माणूस धापा टाकत दारात आला. मनगटावर सोनेरी पट्टा, कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी, पिवळी पडलेली. मागे बायको, हातात ओला फ्रॉक. मुलीला उंच झोपाळ्यावर उलटी झाली होती, ती निस्तरण्यात उशीर झाला.

"माझं एक वाजताचं टेबल आहे," तो म्हणाला.

"होतं," काकू म्हणाल्या.

आवाज चढला. साहेब धावत आले. टेबल नंबर सहावर आता एक आजीबाई, त्यांचे दोन मुलगे आणि सुना बसल्या होत्या. आजींनी नुकताच सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला होता.

"काकू, त्यांना उठवा," साहेब हळूच म्हणाले.

"मी कागदाप्रमाणे बसवलंय. उठवायचं कुठल्या पानावर लिहिलंय ते दाखवा. नाहीतर तुम्हीच उठवा."

साहेब टाय नीट करून सहा नंबरकडे गेले. आम्ही सगळे बघत होतो. ते वाकून काहीतरी बोलले. आजींना कमी ऐकू यायचं. त्यांनी साहेबांचा हात धरला, जवळ ओढलं, म्हणाल्या, "बरं झालं आलास रे. हा पाव फार कडक आहे, जरा तुकडे करून दे." साहेबांनी तुकडे केले. मग आजींनी त्यांना आपल्या गुडघ्यांची हकीकत सांगितली, मग कुठल्या सुनेने काय म्हटलं ते. साहेब दहा मिनिटांनी परत आले, घाम पुसला, आणि खिडकीतून मला म्हणाले, "सहा नंबरला दोन आईस्क्रीम. एक बिनसाखरेचं."

आम्ही हसू दाबायला पातेल्यांमागे तोंडं लपवली. पण पट्टेवाला माणूस हसत नव्हता. तो आता ओरडतही नव्हता. काकूंना म्हणाला, "बाई, तुम्हाला वाटतं मी कुणी मोठा शेठ आहे. मी पहारेकरी आहे. एका इमारतीच्या दारावर रोज बारा तास उभा असतो. दोन वर्षं पैसे बाजूला टाकत टाकत हा पट्टा घेतला. जेवणासाठी नाही हो. एक दिवस कुठे उभं राहायला लागू नये म्हणून."

काकूंची पेन्सिल वहीवर तशीच थांबली. रांगेत पुढेच एक गलेलठ्ठ गृहस्थ होते, हातात दोन मोबाईल, बोटांत अंगठ्या, आणि तिकीट मात्र साधं. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पहारेकऱ्याकडे. मग वहीत लिहिलं : बारा. आणि स्टुलावरून उठल्या.

"नंबर तुमचा बारा. त्यात मला बदल करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण उभे राहू नका. बसा इथे."

पहारेकरी काकूंच्या स्टुलावर बसला, मांडीवर मुलगी. बायकोला मी आतून रिकामं क्रेट दिलं. काकू तासभर उभ्या राहून नंबर पुकारत होत्या. मुलीला नंबर ओरडायला आवडायला लागलं, आठपासून पुढचे तिनेच पुकारले. स्वतःचा बारा तर तिने इतक्या जोरात ओरडला की साहेब पुन्हा धावत आले.

वरच्या ऑफिसला मात्र पट्टा भलताच आवडला. सुट्ट्या लागल्या तसे त्यांनी आणखी पट्टे विकले, मग आणखी. शेवटी एका रविवारी अशी वेळ आली की सोनेरी पट्टेवाल्यांची रांग खालच्या तळ्यापर्यंत गेली आणि साध्या तिकिटांची रांग चौदा माणसांची. कारण साधी तिकिटंच फारशी उरली नव्हती. सगळेच पहिले, मग आधी कोण? दोघं जण एकमेकांच्या मनगटावरचे पट्टे औक्षणाच्या ताटासारखे ओवाळून दाखवत भांडत होते. काहींनी बाह्या खाली ओढून पट्टा लपवला आणि गुपचूप साध्या रांगेत येऊन उभे राहिले.

अशा एका बाईंना काकूंनी हेरलं. "बाह्या वर करा बघू."

बाई ओशाळल्या. "चालेल ना इथे उभं राहिलेलं? तिकडे फार वेळ लागतो."

"चालेल की," काकू म्हणाल्या. "ही रांग सगळ्यांची आहे. नंबर पंधरा."

त्या दिवशी वरच्या ऑफिसातले मोठे साहेब पाहणीला आले होते. त्यांनी लांब रांग बघितली आणि आमच्या साहेबांना विचारलं, हे काय? आमच्या साहेबांचा चेहरा इस्त्री झाला, पण तोंडातून निघालं, "ते काकूंना विचारा." काकूंनी वही उघडून दाखवली : किती टेबलं राखीव, किती आली नाहीत, किती वेळ रिकामी, बाहेर किती जण उभे. रोजचं, तारीखवार. मोठ्या साहेबांनी पानं उलटली, बराच वेळ.

"तुमचं म्हणणं काय? पट्टे बंद करायचे?"

आम्हाला वाटलं, आता काकू हो म्हणणार. काकूंनी जरा विचार केला.

"बंद नका करू. कुणाला एखाद्या दिवशी थेट आत जावंसं वाटतं, त्यात त्याची चूक नाही. पण पंधरा टेबलं त्यांना, पंधरा रांगेला. एका पट्ट्याला एका जेवणाला एकच टेबल. उशीर झाला तर गजर. आणि बाहेर बाकं टाका, सावलीत. वाट बघायची तर बसून बघू दे माणसांना."

बाकं आली, अर्थात चार महिन्यांनी, आणि रंग वाळायचा राहिला म्हणून पहिल्या आठवड्यात बसणाऱ्यांचे कपडे हिरवे झाले. पण आली. पंधरा-पंधराचं मोठ्या साहेबांनी अठरा-बारा केलं. काकू म्हणाल्या, "दोनावरून बारा झाली. मला मोजता येतं."

पुढच्या वर्षी काकू निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात साहेबांनी हार घातला, दोन शब्द बोलले. भेट म्हणून पार्कने काय द्यावं? दोन सोनेरी पट्टे. नवरा-बायकोसाठी, जेवणासकट.

महिन्याने दोघं आले. काकांनी दारातच पट्टा बांधला. काकूंनी पर्समधून काढलाच नाही.

"अगं, फुकट मिळालाय," काका म्हणाले.

"तुम्ही जा. मी नंबर घेते."

"मग मी बसतो आत. भूक लागलीय."

आणि काका खरंच आत गेले. त्यांना खिडकीजवळचं टेबल मिळालं. मी त्यांना सूप पाठवलं, मग भाजलेलं चिकन, मग आणखी सूप. बाहेर काकू बाकावर बसून नव्या मुलीच्या वहीत डोकावत होत्या, तिच्या अक्षराला नावं ठेवत होत्या. पस्तीस मिनिटांनी त्यांचा नंबर लागला. नवी मुलगी म्हणाली, "काकू, काकांच्याच टेबलावर बसा ना, तिथे खुर्ची रिकामी आहे."

"ते टेबल पट्ट्याचं आहे," काकू म्हणाल्या. "माझं रांगेचं कुठलं?"

रांगेचं होतं ते खांबाआडचं. काकू तिथे बसल्या, खुर्ची जरा सरकवली, आणि दोघं नवरा-बायको चार टेबलांच्या अंतरावरून एकमेकांना ओरडून विचारत जेवले, सूप कसं आहे म्हणून. काका म्हणाले छान आहे. काकू म्हणाल्या, मीठ कमी आहे.

मीठ कमी होतं खरं.