अंतरण म्हणजे काय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढेही नाही. देवाला ठाऊक असेल तर असू दे — मी होऊन सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण आज संतापलेली आहे. शांत असते तर याही वेळी गिळून टाकलं असतं.

संताप कुणावर? पाणी-गटारं चालवणाऱ्या कंपनीवर आहेच. आमच्या बुधवारा मोहल्ल्यात पूर्वी गटार तुंबलं की कोपऱ्यावरून हाक मारायची, माणूस यायचा. शिव्या देत यायचा, पण हातात बांबू घेऊन यायचा. आता फोन लावायचा. हिंदीसाठी एक दाबा — दाबलं. सीवरसाठी, म्हणजे गटारासाठी, तीन दाबा — दाबलं. काळं पाणी उंबऱ्याला लागलंय आणि कानात सनई वाजतेय! कोपऱ्यावरचा सरकारी नळ तर मुळासकट उपटून नेला. तिथे आता सिमेंटचा चौकोन आहे, त्यावर कुणाची तरी स्कूटर उभी असते.

पण हा संताप सोपा आहे. गल्लीतल्या सगळ्याच बायका तो करतात. मीही त्यांच्यात उभी राहून ओरडते. माझाच आवाज सगळ्यांत मोठा असतो. का असतो?

मी टाइपिस्ट आहे. एका वकिलाकडे घर-जमिनीच्या रजिस्ट्रीचे कागद टाइप करते, वीस वर्षं झाली. आमच्या गल्लीत घरोघरी मराठी, पण राज्य हिंदीवाल्यांचं, म्हणून कागद हिंदीत — आणि ती कागदावरची हिंदी हिंदीवाल्यांनाही कळत नाही. म्हणून गल्लीत कसलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. बायका मला वकीलीणबाई म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण मी सांगितलेला अर्थ खरा धरतात.

तेव्हा पाणी आणि गटारं कंपनीला द्यायचं वरती, सरकारात, ठरत होतं. देवळात मीटिंग होती. आदल्या दिवशी कंपनीचा माणूस माझ्या घरी आला, चहा प्यायला. आमचं घर चढावर, लाइनच्या पार शेपटाला. नळाला धार करंगळीएवढी, कित्येकदा तीही नाही. कोपऱ्यावरून हंडे वाहून माझी कंबर गेली. त्याने रिकामी पिंपं पाहिली आणि म्हणाला, "मैडम, नई लाइन आपके घर से ही शुरू करेंगे। बस, कल लोगों को ज़रा समझा दीजिए।"

धमकी नाही. पाकीट नाही. असतं तर सांगायला काही मोठं तरी असतं. मला फक्त नळ हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सभामंडपात मी नोटीस मोठ्याने वाचली. 'जल प्रदाय एवं मल-जल व्यवस्था का अंतरण.' हरकत असेल तर लिहून द्या, नसेल तर खाली सही करा.

"अंतरण म्हणजे काय वं, वकीलीणबाई?" मागून कुणीतरी विचारलं.

हा शब्द मी दिवसातून दहा वेळा टाइप करते. विकणारा आपलं घर घेणाऱ्याच्या नावे करून देतो, ते अंतरण. त्याचा माल, त्याचा हक्क, आपला संबंध संपला. आणि मी काय सांगितलं?

"अंतर गं, अंतर! लांबपर्यंत पाइप टाकणार. शेवटच्या घरापर्यंत."

किती सहज निघालं तोंडातून! मराठी कानाला पटेल असं खोटं. ते सुचायला मराठीच असावं लागतं.

एकटी सुभद्राजिजी अडली. गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत ती एकटी राहते, पापड लाटते. खोलीचे कागद तिच्या नावे नाहीत, म्हणून घरात नळ कधी नव्हताच. कोपऱ्यावरचा नळ हाच तिचा. ती म्हणाली, "बाई, आपल्यात अंतरणं म्हणजे मुकणं. माय मेली तं लेकरू मायले अंतरलं म्हणतात. पाण्याले तं नाही ना अंतरणार आपण?"

"जिजी, तुमची मराठी पापडांसंगं वाळत घाला!" एकजण म्हणाली. मंडप हसला. मीही हसले. हसून थांबले असते तरी — पण नाही. म्हटलं, "जिजी, ही सरकारी हिंदी आहे, तुमचं काम नाही ते." आणि तिचा अंगठा माझ्या हाताने शाईला टेकवला, माझ्या हाताने कागदावर दाबला.

त्या अख्ख्या मंडपात त्या शब्दाचा अर्थ दोघींनाच कळला होता. एक अंगठाबहाद्दर, आणि एक मी.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. नवी लाइन आली, पहिला नळ माझ्या घरात. महिन्याभरात कोपऱ्यावरचा गेला. जिजीने अर्ज केला — मीच टाइप केला! — कंपनीने खोलीचे कागद मागितले. कागद नाहीत, तर नळ नाही.

मी खरं सांगितलं असतं तर विक्री थांबली असती? बहुधा नाही. पण मला ते कुणी विचारलंच नव्हतं. एका शब्दाचा अर्थ विचारला होता, आणि तो मला येत होता.

आता जिजी रोज सकाळी हंडा घेऊन चढ चढते. मी भरून देते. त्यासाठी कुणी मला चांगली म्हणू नये.

आज दारात शेजारीण कंपनीच्या नावाने बोटं मोडत होती. जिजी डोक्यावरची चुंबळ नीट करत म्हणाली, "मले तवाच वाटलं होतं वं, अंतरणं म्हणजे मुकणंच. पण तू शिकलेली. म्हटलं, आपलीच बोली चुकली असंल."

चुकली नव्हती, जिजी. एवढंच वाक्य बोलायचं होतं. हंडा भरला होता. नळ बंद केला, आणि तिच्या डोक्यावर चढवायला हात लावला.