चिंबोरीचं कूळ

पेणला रामवाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घ्यायला गेलं की एक निवृत्त मास्तर हटकून भेटतात. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. खोड अजून गेलेली नाही. विकणाऱ्या कोळणीला ते चिंबोरीचा संघ, वर्ग, गण, कूळ ऐकवतात आणि वर बजावतात, "मासा नव्हे हा, झुरळाचा भाऊबंद!" ते ऐकून तिचं गिऱ्हाईक पळतं.

परवा त्यांनी सगळ्यात दांडग्या सहा चिंबोऱ्या निवडल्या.

"मास्तर, आज पुनव हाय. आत मांस नाय, पोकळ निघतील," कोळीण म्हणाली.

"वर्गीकरणात पुनव बसत नाही, बाई," मास्तर छद्मी हसले आणि पिशवी घेऊन ऐटीत निघाले.

"गेल्या पुनवेलाबी असंच बोलले," ती मला म्हणाली, "आन घरी जाऊन सांगितलं, कोळणीनं फसवलं."