टोपलीखालचं पीठ

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर घेवडा निवडला. मी शिरा नीट काढीना, म्हणून ती करवादली, "तुमच्यापेक्षा शेळी बरी निवडते." त्याच संध्याकाळी बसल्या जागी ती गेली.

तिला पोचवून आलो, तोवर बायकांनी त्या जागी पीठ पसरून, दिवा लावून वर टोपली झाकली होती. आमच्यात तशी रीत आहे. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं, त्याचं पाऊल सकाळी पिठात उमटतं म्हणे. नात जपानी कार्टून बघते. ती हळूच म्हणाली, "आबा, जपानीत याला गेंजुत्सू म्हणतात. नसलेलं डोळ्यांना दाखवायची जादू. शत्रूवर करतात ती."

मी फार शिकलो नाही, पण शब्द पटला. शत्रूवर करा की. रडणाऱ्यावर कशाला? बाजारातला जादूगारसुद्धा पोरीला टोपलीत घालून सुरी खुपसतो, पण शेवटी तिला धडधाकट बाहेर काढतो. नाही काढली तर लोक तुडवतील त्याला. इथं ज्यानं माझी बायको नेली, त्याला कुणी जाब विचारत नाही. पिठातला ओरखडा बघायचा आणि त्याच्याच पाया पडायचं.

सकाळी मेहुणीनं टोपली उचलली. "दाजी, चिमणीचं पाऊल. अक्का चिमणी झाली बघा." सगळ्यांनी हात जोडले.

मला नुसतं पीठ दिसलं. "माझी बायको बाई होती," असं म्हणालो आणि तळहातानं ते सपाट करून टाकलं.