कोऱ्या ओळी

मी घरबसल्या ऑनलाइन इंग्रजी शिकवते. माझी एक विद्यार्थिनी ग्रीसमधली, साठीची एलेनीबाई. वहीत इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ लिहिला की ती खाली तीन ओळी कोऱ्या सोडते. वाक्प्रचार असेल तर अख्खं पान. आज मी कारण विचारलं.

"या भाषेत एका अर्थावर भागत नाही," ती म्हणाली. "बाकीचे मागून येतात. त्यांना जागा नको?"

मी हसले. पण वर्ग संपल्यापासून चैन नाही. दर रविवारी मेलबर्नहून लेकीचा फोन येतो. "कशी आहेस?" मी विचारते. "मजेत गं आई," म्हणते आणि जराशी थांबते.

तेवढ्यात मी घाईघाईने तिथल्या थंडीची चौकशी सुरू करते.