फितीआधीचं पाणी

पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथली निम्मी घरं कुलपात आहेत. माणसं मुंबईला. गणपती-शिमग्याला तेवढी दारं उघडतात. चंद्रभागाबाईंना मरणाची भीती नव्हती, आपल्या दाराला लागणाऱ्या कुलपाची होती.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी खालच्या ओढ्याच्या वाळूत खणलेल्या डवऱ्यावरून पाणी वाहिलं. चढ असा की हंडा घेऊन येताना तोंडाला फेस यावा. सून ऋतिका पोटुशी राहिली तेव्हा तिनं स्पष्टच सांगितलं, "आई, बाळ झाल्यावर मी हा चढ चढणार नाय. यांच्याकडं बिरवाडीला जाईन." मुलगा किशोर महाडच्या कारखान्यात कामाला, बिरवाडीत खोली करून. चंद्रभागाबाईंना राग आला नाही. पोर खरं तेच बोलत होती.

त्यांनी किशोरला धरलं. "तुझी कंपनी शाळांना बाकं देते, झाडं लावते. तिला सांग, आमाला पानी दे."

भीत भीत त्यानं सांगितलं, आणि काय नवल, कंपनीनं मनावर घेतलं. टाकी दिली, पाइप दिला, आणि चर खणायला रविवारी कंपनीची माणसंच गाडी भरून आली. तळहातांना फोड आले, तरी पुढच्या रविवारी पुन्हा हजर. तेव्हापासून कंपनीला कुणी नावं ठेवली की चंद्रभागाबाई त्याच्या अंगावर जायच्या.

वरच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी टाकीत पडलं, नळ बसला. कंपनीच्या तेजश्रीमॅडमनी नळाला लाल फीत बांधली. "काकी, मुंबईहून मोठे साहेब उद्घाटनाला येतील. तोवर उघडू नका हं."

साहेबांची तारीख पुढं गेली. परत गेली. एप्रिल लागला, डवऱ्यात वाटीनं पाणी भरायची पाळी आली. टाकी भरून वाहत होती आणि बाया तिच्या शेजारून हंडे घेऊन ओढ्याकडं उतरत होत्या. शहाणपणाची कमाल झाली! इकडं ऋतिकानं कपड्यांची पिशवी भरायला घेतली.

त्या दिवशी चंद्रभागाबाईंनी पदर खोचला. किशोर सुट्टीला आलेला. तो गयावया करू लागला, "आये, माझी नोकरी त्यांच्याकडं हाय गो."

"तू घरात बस. तू काय बघितलंच नाय."

फीत त्यांनी कापली नाही. गाठ अलगद सोडली, घडी करून कमरेला खोचली आणि नळ उघडला. पहिला हंडा सुनेचा भरला.

मे महिन्यात अखेर साहेबांची तारीख पक्की झाली. बायांनी फीत होती तशी बांधून ठेवली. पाहुणे येणार म्हणून अंगणं सारवली, सडे घातले, सगळ्या वाडीनं मिळून वालाचं बिरडं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या, मोठाले टोप घासले. झऱ्याची धार उन्हाळ्यात बारीक झालेली. अगत्याच्या नादात टाकीकडं कुणी बघितलंच नाही.

साहेबांनी फीत कापून नळ फिरवला. नळ नुसता फुसफुसला. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. किशोर जमिनीकडं बघू लागला. साहेब तेजश्रीमॅडमकडं वळले. "काम अर्धवट आहे का?"

हे मात्र चंद्रभागाबाईंना सोसवलं नाही. फोड आलेल्या हातांच्या कामाला अर्धवट म्हणायचं? त्या तरातरा घरात गेल्या आणि तांब्या नि गुळाचा खडा घेऊन आल्या.

"काम पुरं हाय, सायेब. नळ मीच उघडला, मागल्या महिन्यात. तुमची वाट बघितली, पन तहान थांबत नाय. आजचं पानी तुमच्या जेवनाला नि सड्याला सरलं. सांजेला टाकी परत भरंल. घ्या, हे त्याच नळाचं."

साहेबांनी गूळ तोंडात टाकला, वर पाणी घेतलं आणि जरा ओशाळून विचारलं, "घरी कोण कोण असतं, आजी?"

चंद्रभागाबाईंनी दाराकडं बघितलं. राहणार की जाणार, हे त्यांनी इतके दिवस सुनेला विचारायचं टाळलं होतं.

दारातून ऋतिकाच बोलली, "आम्ही दोघी. बाळ झालं की तिघं. हितंच राहणार."