गाडीला भिणारे सर

खडू हवेतच थांबायचा. सरांची मान दरीकडे वळायची, चेहरा उतरायचा आणि शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या मला ते दारातून हळूच विचारायचे, "मॅडम, गाडी कोनी शे?"

बहुतेक वेळा एखादी मोटारसायकल चढावर कण्हत असायची. "सर, जीप नाहीये ती," मी हसून म्हणायची. "तरी बी..." म्हणत ते पुन्हा कान लावायचे. मुलं लिहायचं सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची.

तुम्ही म्हणाल, काय भित्रा माणूस! तसं नव्हतं हो. शहाद्याच्या पिंजाऱ्याच्या घरातला हा माणूस, नंदुरबार जिल्हा नवा झाला तेव्हा एकटा सातपुडा चढून आला. पाड्यापाड्यावर शाळा निघत होत्या. आमची एका घराच्या पडवीत, बकऱ्यांच्या शेजारी सुरू झाली. पुढे पत्र्याची शेड आली, मग दोन पक्क्या खोल्या, हातपंप, खिचडीची चूल. सर मुलांची पावरी बोली शिकले. त्यांचे पहिले विद्यार्थी आता आपली मुलं शाळेत सोडायला यायचे.

मग वारं फिरलं. कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत मिसळणार, असं कानावर येऊ लागलं. पलीकडच्या पाड्यावरची तर बंदही झाली. आमची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जायची, ती होळीलाच परतायची. मधेच पाहणीची जीप आली तर वर्ग रिकामे दिसणार आणि आमची शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेत मिसळणार.

"पहिलीनं पोर तो नाला कसं उतरी?" सर विचारायचे. पावसाळ्यातला तो नाला मी पाहिलाय.

त्या वर्षी सर घरोघर फिरले. आज्या-आजोबांच्या हातापाया पडून मुलं मागे ठेवून घेतली. "पोरे ऱ्हातीन ते शाळा ऱ्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. वर्ग भरलेले राहिले, तरी सरांची भीती काही जाईना. दरीतून घरघर आली की शिकवणं सोडून ते दाराशी जाऊन उभे राहायचे.

आणि एका दुपारी जीप खरंच आली. सर फाटकाकडे धावले, मागोमाग मी. साहेबांनी उतरताच विचारलं, "मुलं कुठायत?"

आम्ही वळून पाहिलं. दोन्ही खोल्या रिकाम्या! दप्तरं तेवढी पडलेली.

मुलं मागच्या दाराने सागाच्या रानात पळाली होती. जीपमध्ये काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण ज्याला आपले सर एवढे भितात, ते काही बरं नसणार, एवढं त्यांना वर्षभरात कळलं होतं.

सर रानाच्या कडेला उभे राहून पावरीत, अहिराणीत, तोंडाला येईल त्या बोलीत हाका मारत होते. "या रे, मी शे!" आवाज इतका कापत होता, की तो ऐकून कुठलं मूल बाहेर येईल? साहेब बराच वेळ थांबले, दप्तरांकडे पाहत राहिले. "मी काय लिहू, गुरुजी?" म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

उन्हाळ्यात शाळा मिसळली गेली. सरांना खाली शहाद्याकडे, प्रकाशा गावाजवळ नेमलं, मला आणखी कुठे. पुन्हा आमची भेट नाही. ते डोळ्यांसमोर येतात ते त्याच दुपारचे.

जीपचा आवाज खाली विरला, तशी मुलं झाडांआडून एकेक करून आली. सर पायरीवर बसले होते. पहिलीतली एक मुलगी त्यांच्याजवळ गेली. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पावरीत म्हणाली, "सर, गेली गाडी. तू भिऊ नको आता."